हत्यारं ठेवावीत की द्यावीत?

या वेळी हत्यारांविषयी आलेले पाच प्रश्न एकत्र घेतले आहेत. पत्रं वेगवेगळ्या गावांहून आली असली, तरी पाचही जणांचा पेच सारखाच आहे: वस्तू वापरात नाही, आणि ती घराबाहेर काढायला मन होत नाही.

प्रश्न : माझे वडील सुतार होते. दीड वर्षापूर्वी ते गेले. त्यांची पेटी माझ्याकडे आहे. तिच्यात रंधे, पटाश्या, किकरी, वाकस, करवती, गुण्या, गिरमिटं असं सगळं आहे. मी बँकेत नोकरी करतो, खिळा ठोकण्यापलीकडे मला काही येत नाही. आता आम्ही लहान घरात राहायला चाललो आहोत. पत्नी म्हणते, देऊन टाका. तिचं चुकत नाही, पण पेटी उघडली की माझा हात मागे येतो. लोखंड-लाकडात जीव असा का अडकतो? आणि काय ठेवायचं, काय द्यायचं, हे ठरवू कसं? (सांगली)

उत्तर : वडिलांच्या चष्म्यात, घड्याळातही जीव अडकतोच. पण हत्यार त्यांच्या हाताखाली बदलत गेलेलं असतं. रंध्यावर जिथे अंगठा टेकायचा तिथलं लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं असतं. वर्षानुवर्षं धार लावून पटाशीचं पातं आखूड झालेलं असतं. करवतीचे दात त्यांनीच कानशीनं पुन्हा पुन्हा काढलेले असतात. फोटोत वडिलांचा चेहरा दिसतो, पेटीत त्यांचं उभ्या आयुष्याचं काम दिसतं.

मानसशास्त्रज्ञांनी या ओढीचा बारकाईनं अभ्यास केला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांतून दाखवलं, की चांगली शिकलीसवरलेली माणसंसुद्धा, स्पर्शातून माणसाचा काही अंश वस्तूत उतरतो आणि तिथेच राहतो, अशा समजुतीनं वागतात. रसेल बेल्क या अभ्यासकांनी १९८८ साली एका गाजलेल्या लेखात मांडलं, की आपल्या वस्तू हा आपल्या ‘मी’चाच वाढलेला भाग असतो, म्हणून त्या जाताना आपल्यातलंच काही गेल्यासारखं वाटतं. तेव्हा तुमचा हात मागे येतो यात दुबळेपणा काही नाही. माणसाचं मन असंच चालतं.

आपल्याकडे तर या भावनेला पंचांगात जागा आहे. आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, सुतार, लोहार, शेतकरी, कारखान्यातले कामगार आपापली हत्यारं पुजतात. त्या पूजेत एक व्यवहारही आहे. हळदकुंकू लावण्याआधी हत्यार काढावं लागतं, घासावं लागतं, पुसून तेलाचा हात द्यावा लागतो. मायेसोबत निगा राखायची, हा त्या सणाचा दंडक आहे.

तुमचा निर्णयही त्याच दंडकावर घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. हत्यार कामासाठी घडवलेलं असतं. त्याचा मान राखायचा तर ते चाललं पाहिजे, किंवा चालेल अशा स्थितीत राहिलं पाहिजे. पेटी वर्षानुवर्षं माळ्यावर टाकून दिली, तर ना ठेवल्याचं समाधान मिळतं, ना दिल्याचं. पातं गंजून जातं आणि लाकडाला वाळवी लागते.

वर्षश्राद्ध होऊन गेलं आहे, म्हणजे तुमची वेळ योग्य आहे. पहिल्या वर्षात असा निर्णय कुणी घेऊ नये. दुःखाच्या भरात माणूस एक तर सगळं काढून टाकतो, नाहीतर कशालाच हात लावू देत नाही.

आता एखाद्या रविवारी सगळी हत्यारं चटईवर मांडा आणि प्रत्येक हत्यार हातात घेऊन चार गोष्टी विचारा. हे मी स्वतः वर्षातून एकदा तरी वापरीन का? पावसाळ्यात याची निगा राखणं मला जमेल का? भावंडांपैकी, पुतण्या-भाच्यांपैकी कुणाला हे हवं आहे का? आणि दुसऱ्या कुणाचं यावर पोट भरेल का?

पहिल्या दोन प्रश्नांना ‘हो’ असेल, तर ते हत्यार खुशाल ठेवा. तुम्हाला खिळा ठोकता येतो, मग वडिलांची हातोडी घरात राहिलीच पाहिजे. गुण्या आणि एखादी लहान पटाशीही ठेवा. चौकट काटकोनात आहे का ते पाहायला, दाराची खिटी बसत नसेल तर जरा तासायला उपयोगी पडतील. मुलांना ती वापरायला शिकवा. आजोबांची हातोडी वापरणारा नातू हे त्यांचं खरं स्मारक आहे.

बाकीचं धंद्यातल्या माणसाकडे जाऊ द्या, आणि जाताना संच मोडू नका. लाकडी रंध्याची पाचर त्याच रंध्याच्या मापानं केलेली असते. पातं एकाला आणि ठोकळा दुसऱ्याला गेला, तर दोन्ही वाया जातात. गावातल्या एखाद्या सुताराकडे नवा मुलगा शिकत असेल, तर त्याच्या हातात पेटीच द्या. आयटीआयमधल्या सुतारकामाच्या निदेशकांना विचारलंत, तर स्वतःचा धंदा उभा करू पाहणारा एखादा विद्यार्थी ते नक्की सुचवतील.

भंगारात मात्र घालू नका. भंगारवाला वजनावर पैसे देतो. चांगल्या पोलादाच्या पटाशीला तिथे मोडक्या बिजागरीचाच भाव मिळतो.

प्रश्न : मी तीस वर्षं कारखान्यात फिटर होतो. मायक्रोमीटर, व्हर्नियर, कानशी, टॅप-डाय, सगळं माझ्या स्वतःच्या पैशांनी घेतलेलं आहे. आता हात थरथरतो आणि बारीक खुणा दिसत नाहीत. मुलगा म्हणतो, विकून टाका. मला तो विचारही सहन होत नाही. वारशानं आलेल्या वस्तूंबद्दल लोक हळवे होतात हे समजतं, पण स्वतः विकत घेतलेल्या हत्यारांबद्दल असं का व्हावं? (चिंचवड)

उत्तर : तुमची ओढ वेगळ्या जातीची आहे, आणि माझ्या मते ती अधिक खोल आहे. सांगलीच्या वाचकाला हत्यारांत वडील दिसतात. तुम्हाला त्यांत स्वतःचा हात दिसतो, आणि हे शब्दशः खरं आहे.

जपानमध्ये अत्सुशी इरिकी आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली माकडांवरचं एक संशोधन प्रसिद्ध केलं. माकडांना लहान दाताळ्यानं खाऊ ओढून घ्यायला शिकवलं होतं. मेंदूतल्या ज्या पेशी एरवी हाताजवळच्या वस्तूंना प्रतिसाद देत, त्या दाताळं वापरू लागल्यावर दाताळ्याच्या टोकाजवळच्या वस्तूंनाही प्रतिसाद देऊ लागल्या. नुसतं दाताळं हातात धरून हे होत नव्हतं, ते कामाला लावावं लागत होतं. फ्रान्समध्ये लुचिला कार्दिनाली आणि सहकाऱ्यांनी २००९ साली माणसांवर प्रयोग केला. लांबच्या वस्तू पकडायचा ४० सेंटिमीटरचा चिमटा काही वेळ वापरल्यावर, तो बाजूला ठेवूनही लोकांच्या हाताची हालचाल अशी होत होती, जणू त्यांचा हात आधीपेक्षा लांब आहे. म्हणजे वापरातलं हत्यार मेंदू शरीराच्या हिशोबात धरतो.

हे काही मिनिटांच्या वापरानं होतं. तुम्ही तर तीस वर्षं वापरलंत. मायक्रोमीटर फिरवताना जॉब किती आवळला गेला आहे, हे तुमच्या बोटांना आकड्याआधी कळत असणार. ते विकायचं म्हटल्यावर अंगावर काटा येणारच.

पण याच कारणासाठी माझा सल्ला सांगलीच्या उत्तरापेक्षा वेगळा आहे. तुम्ही हयात आहात, आणि पेटीत नसलेली मोठी ठेव तुमच्यापाशी आहे: ती हत्यारं कशी चालवायची याचं ज्ञान. ०.०१ मिलिमीटर मोजणारं साधन नवीनही विकत मिळतं. बोटांचा दाब किती असावा, कानस चालवताना कोपर कुठे असावं, टॅप अडकला तर जोर न लावता अर्धा आटा मागे कसं यायचं, हे दुकानात मिळत नाही.

म्हणून एखादा शिकाऊ मुलगा किंवा मुलगी शोधा. त्यांना काही रविवारी घरी बोलवा, तुमच्याच हत्यारांवर शिकवा, आणि शिकून झालं की हत्यार त्यांच्या हवाली करा. पैसे घ्यावेसे वाटले तर अवश्य घ्या, त्यात कमीपणा नाही. सगळं एकदम द्यायचीही गरज नाही. जे आज डोळ्यांना दिसत नाही ते आधी द्या, जे अजून हातात बसतं ते राहू द्या.

देताना दोन गोष्टी सांगा. मायक्रोमीटर पेटीत ठेवताना त्याची तोंडं आवळून बंद करू नयेत, थोडी फट ठेवावी. आणि कामाला लावण्याआधी मापन-यंत्रं तपासून घ्यावीत, कारण बरीच वर्षं पडून राहिलेल्या साधनाचं शून्य सरकलेलं असू शकतं.

प्रश्न : आईचं पायाचं शिवणयंत्र विकायला काढलं आहे. लोक इतका कमी भाव सांगतात की अपमान झाल्यासारखं वाटतं. त्याच मशीनवर शिवून तिनं आम्हा भावंडांची शिक्षणं केली. आमचं काही चुकतंय का? (कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या भावनेत काही चूक नाही. ती भावना भावात धरली आहे, इथे गाडं अडलं आहे.

आपल्याकडे असलेल्या वस्तूची किंमत आपल्याला जास्त वाटते, या प्रवृत्तीकडे अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० साली लक्ष वेधलं. १९९० साली त्यांनी डॅनियल काहनमन आणि जॅक नेच यांच्यासोबत एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाला साधे कॉफीचे मग दिले आणि विचारलं, केवढ्याला विकाल? ज्यांना मग दिले नव्हते त्यांना विचारलं, केवढ्याला घ्याल? विकणाऱ्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघाली. मग त्यांच्या हातात येऊन काही मिनिटंच झाली होती. काहनमन यांना २००२ साली आणि थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे अशा संशोधनाचा मोठा वाटा आहे.

अनोळखी मगाबाबत हे होतं, तर आईच्या मशीनचं काय बोलावं! तिच्या जागरणाची किंमत बाजार कधीच देणार नाही, आणि ती बाजाराकडे मागूही नये. गिऱ्हाईक फक्त यंत्र पाहतं: टाका सरळ पडतो का, शटल घासलं आहे का, चामडी पट्टा बदलावा लागेल का.

मला विचाराल तर मशीन विकायला काढूच नका. शिवणकाम शिकून घरात चार पैसे आणू पाहणारी एखादी बाई तुमच्या ओळखीत किंवा गावच्या बचत गटात नक्की असेल. आधी मेकॅनिककडून मशीन साफ करून, तेल घालून घ्या. पट्टा, बॉबिन, सुया अजून सहज मिळतात. मग ते मशीन तिला द्या, परवडत असेल तर फुकट द्या. आईनं त्यावर संसार उभा केला, आता दुसरी कुणी करील. जुन्या मशीनचा ओतीव लोखंडी सांगाडा काढून त्याची टेबलं करण्याची टूम हल्ली निघाली आहे. चालू मशीनचं तसं करणं मला पटत नाही. शिवणारं यंत्र शिवत राहिलं पाहिजे.

मशीन ‘सिंगर’ असेल तर देण्याआधी त्यावरचा क्रमांक लिहून घ्या. त्या क्रमांकावरून यंत्र साधारण कोणत्या साली तयार झालं ते शोधता येतं. घरच्या इतिहासात तेवढी नोंद राहील.

प्रश्न : आजोबांची हत्यारं सापडली, पण सगळी गंजलेली आहेत. ती पुन्हा चालतील का? की गंजलेली वस्तू जपणं हा वेडेपणा आहे? (रत्नागिरी)

उत्तर : बहुतेक चालतील. किनाऱ्यावरच्या खारट, ओल्या हवेत लोखंड लवकर तांबूस होतं, पण वरवरचा गंज म्हणजे हत्यार संपलं असं नाही. रॉकेल लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी तारेच्या ब्रशानं घासा. गंज जाड असेल तर ते पातं व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, लगेच कोरडं करा आणि मशीन ऑइलचा हात द्या. सोड्याची पायरी वगळू नका, नाहीतर आम्ल राहून पुन्हा गंज चढतो.

पटाशीची सपाट बाजू धारेजवळ नीट पाहा. तिथे खोल खड्डे पडले असतील तर धार सलग लागणार नाही. तेवढा भाग घासून मागे गेल्यावर चांगलं पोलाद लागलं, तर पटाशी वाचली. धार लावताना वेगानं फिरणाऱ्या ग्राइंडरच्या चाकावर पातं दाबून धरू नका. सारखं पाण्यात बुडवत राहा. धारेवर निळी झाक आली, की लोहारानं दिलेलं पाणी उतरलं, आणि तेवढा भाग मऊ पडला. दांडा चिरला असेल तर बाभळीचा नवा बसवून घ्या. दांडा बदलल्यानं आजोबांचं हत्यार परकं होत नाही. त्यांनी स्वतःही तो कधीतरी बदललाच असेल.

लाकडी भागाला जवसाचं तेल चांगलं, कारण ते मुरून घट्ट होतं. पण त्या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. मोकळ्या हवेत पसरून वाळवा आणि मगच टाका. हत्यारं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आतली दमट हवा आतच कोंडते. तेलाच्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवा. सोबत कापराच्या वड्या ठेवण्याची जुनी पद्धतही चांगली आहे.

विजेवर चालणाऱ्या जुन्या हत्यारांना मात्र वेगळा न्याय लावा. धातूच्या अंगाचं, दोन तारांचं, अर्थिंग नसलेलं जुनं ड्रिल कितीही लाडकं असलं, तरी वायरमनकडून तपासल्याशिवाय स्वतः वापरू नका आणि दुसऱ्याला तर देऊच नका. वायरवरचं रबर कडक होऊन तडकलं असेल तर शॉक बसून जीव जाऊ शकतो.

खाऊन आरपार गेलेलं पातं, तडा गेलेला घण, मोडलेली करवत यांचं आयुष्य संपलं आहे. त्यांना नमस्कार करा आणि भंगारात द्या. ते लोखंड वितळून दुसऱ्या कामाला लागेल.

प्रश्न : ‘फोटो काढा आणि देऊन टाका’ असं हल्ली सगळे सांगतात. त्यानं खरंच फरक पडतो का? आणि आमच्याकडची नांगर, पाभर अशी जुनी अवजारं संग्रहालयात देता येतील का? (बार्शी)

उत्तर : फरक पडतो, आणि याला आधार आहे. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या वसतिगृहांत कॅरन विंटरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिलं. काही वसतिगृहांत साधं आवाहन केलं, की वस्तू दान करा. काहींत सांगितलं, की जिव्हाळ्याच्या वस्तूचा आधी फोटो काढा, मग ती द्या. फोटोचं आवाहन केलेल्या ठिकाणी सुमारे १५ टक्के जास्त वस्तू जमल्या. २०१७ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. वस्तू गेली की आठवणही जाईल ही धास्ती देणाऱ्याला अडवत असते. फोटोमुळे ती कमी होते.

अवजारांच्या बाबतीत मात्र नुसत्या फोटोवर थांबू नका. पाभरीच्या फोटोवरून ती कशी जुंपायची, चाड्यात बी कोण सोडायचं, हे कळत नाही. घरातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवा आणि त्यांच्याच तोंडून प्रत्येक भागाचं नाव, काम, लाकूड कोणतं, घडवलं कुणी, हे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिलं, म्हणून त्या काळच्या बलुतेदारांची कामं आज आपल्याला वाचता येतात. आपल्या घरापुरता तेवढा ग्रंथ प्रत्येकाला करता येतो.

संग्रहालयाबद्दल सांगायचं तर, पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय अवश्य पाहून या. दिनकर केळकरांनी साधारण १९२०पासून दिवे, अडकित्ते, भांडी, कुलपं अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या. संग्रहाला अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं आणि १९७५ साली तो राज्य सरकारच्या स्वाधीन केला. गोव्यात बाणावलीला ‘गोवा चित्र’ हे संग्रहालय आहे. तिथे व्हिक्टर ह्युगो गोम्स यांनी शेतीची आणि कारागिरांची जुनी अवजारं मोठ्या कष्टानं गोळा केली आहेत. संग्रहालयाकडे जाताना फोटो आणि वर सांगितलेली माहिती घेऊन जा. नुसत्या नांगरापेक्षा ज्याचं गाव, घर, कारागीर आणि काळ ठाऊक आहे, अशा नांगराला तिथे जास्त मोल असतं. संग्रहालयांना जागेची मर्यादा असते, त्यामुळे नकार आला तरी खट्टू होऊ नका. गावच्या शाळेत, ग्रामपंचायतीच्या वाचनालयात नीट नावं लिहून मांडलेली चार अवजारंही मोठं काम करतात.

आणि जी अवजारं अजून चालू स्थितीत आहेत, त्यांच्यासाठी तिसरा मार्गही आहे: सामायिक वापर. अमेरिकेत बर्कली शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयातून १९७९पासून पुस्तकांसारखी हत्यारं घरी न्यायला मिळतात. इंग्लंडमधली ‘टूल्स फॉर सेल्फ रिलायन्स’ ही संस्था जुनी हत्यारं आणि शिवणयंत्रं गोळा करून, दुरुस्त करून आफ्रिकेतल्या कारागिरांकडे पाठवते. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं हातानं काम करत शिकतात. अशा ठिकाणी आधी विचारून, त्यांना हवं तेच द्या. आणि शिडी, शिकंजा, ड्रिल, पान्यांचा संच अशा वस्तू सोसायटीच्या कार्यालयात ठेवून नोंदवहीवर देता-घेता येतात. दहा घरांत दहा ड्रिलं धूळ खात पडण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

सगळ्यांनाच एक विनंती आहे. येत्या खंडेनवमीची वाट पाहा, पण त्यापुढे निर्णय ढकलू नका. त्या दिवशी पेटी उघडा, प्रत्येक हत्यार स्वच्छ करा आणि मनापासून पूजा करा. जी तुमच्या हातात चालतील ती ठेवा. जी चालणार नाहीत ती दसऱ्याला, धार लावून आणि तेल देऊन, काम करणाऱ्या माणसाच्या हातात द्या.